वाचकांचे प्रश्न : झिजलेला कार्ब्युरेटर आणि स्वस्त पर्याय

प्रश्न : वडिलांच्या जुन्या चार-स्ट्रोक मोटारसायकलचा कार्ब्युरेटर (इंजिनासाठी पेट्रोल व हवा मिसळणारा भाग) झिजल्यामुळे आयडलिंग (गाडी उभी असताना इंजिनाचे मंद चालणे) स्थिर राहत नाही आणि पेट्रोल जास्त लागते. बाजारातील स्वस्त कार्ब्युरेटर बसवावा काय? — एक वाचक, परभणी

उत्तर : बसवता येईल, परंतु आधी जुना खरोखरच निकामी झाला आहे का, हे पाहावे. मराठवाड्यातील कच्च्या रस्त्यांवरची धूळ फाटक्या एअर फिल्टरमधून आत गेली, की कार्ब्युरेटरमधील स्लाइड (हवेची वाट कमी-जास्त करणारा सरकता भाग), नीडल (त्याला जोडलेली सुई) आणि नीडल जेट (ती सुई ज्यात सरकते ते पेट्रोलचे छिद्र) झिजतात. नीडल व जेट बदलता येतात. मात्र स्लाइड ज्या नळीत सरकते ती नळीच झिजली असेल, तर कडेने जादा हवा शिरत राहते आणि स्क्रू कितीही फिरवला तरी आयडलिंग जागेवर येत नाही. इंजिनाला जोडणारे रबर तडकले तरी हीच लक्षणे दिसतात, म्हणून ते प्रथम तपासावे.

स्वस्त कार्ब्युरेटरची खरी अडचण जेटची, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक छिद्राच्या भागाची आहे. बाहेरून तो हुबेहूब दिसतो, पण आतील जेटचा क्रमांक आपल्या इंजिनासाठी योग्य असेलच असे नाही, आणि छापलेल्या क्रमांकाप्रमाणे छिद्र असेलच याचीही खात्री नसते. त्यामुळे जुन्यातील मूळ पितळी जेट झिजलेले नसतील आणि त्यांचे आटे जुळत असतील, तर तेच नव्यात बसवावेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. फ्लोटची (आतील पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) उंचीही मोजून घ्यावी. काही दिवस गाडी चालवून स्पार्क प्लग पाहावा : फिकट तपकिरी रंग योग्य, पांढरा दिसल्यास पेट्रोल कमी पडून इंजिन तापत आहे, म्हणून मोठा जेट लावेपर्यंत लांबचा प्रवास टाळावा.