हॅलोवीनची पिशवी आणि दिवाळीचं ताट

प्रिय मनू,

हॅलोवीनला दारोदार फिरून तू आणलेली कँडीची पिशवी मी फ्रिजवर ठेवली तेव्हा तू चिडून विचारलंस, "दिवाळीत तूच लाडू, करंज्या, शंकरपाळे खायला घालतेस, मग माझ्या कँडीलाच बंदी का? मराठी साखर वेगळी असते का?" प्रश्न रास्त आहे. उभ्याउभ्या उडवून लावण्यासारखा नाही, म्हणून लिहायला बसले.

साखर वेगळी नसते. रव्याच्या एका मोठ्या लाडवात तीन-चार चमचे साखर सहज जाते. तुझ्या पिशवीतल्या छोट्या चॉकलेटमध्ये साधारण दोन. अमेरिकन हार्ट असोसिएशन तुझ्या वयाच्या मुलांना वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते, म्हणजे सहा चमचे. दोन लाडवांत तो हिशेब संपतो. त्यामुळे "घरचं आहे, खा कितीही" असं मी तुला म्हणणार नाही. आपल्या लोकांत हे फार म्हटलं जातं आणि मला ते पटत नाही. आजोबांच्या मधुमेहाच्या गोळ्या तू पाहिल्याच आहेस.

पण खाण्याची आपली जी रीत आहे, ती मला तुझ्यापर्यंत पोचवायची आहे. फराळाचं ताट आठव. चकली, कडबोळी, शेव, चिवडा हे सगळं तिखटामिठाचं, आणि त्यात एखादा लाडू, एक करंजी, दोन-चार शंकरपाळे. चिवड्याने पोट भरत येतं, मग दुसऱ्या लाडवाकडे हात आपोआप कमी जातो. शिवाय ते बसून, सगळ्यांबरोबर खायचं. आणि अनारसे? तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, फडक्यावर कोरडे करून दळायचे, गूळ घालून पीठ मुरू द्यायचं. मग खसखशीवर एकेक थापून खसखशीची बाजू वर ठेवून मंद आचेवर तळायचा, उलटायचा नाही, वरून झाऱ्याने तूप उडवायचं. आजी इतकं करून मोजके अनारसे डब्यात ठेवायची. तिच्या काळी साखर रेशनवर मिळायची आणि दिवाळीसाठी थोडी जादा आली की घरात आनंद व्हायचा. इतक्या सायासाने आलेलं गोड कोणी मुठीने खात नसे.

आणि खाऊन झालं की आजीचं ठरलेलं वाक्य: "चूळ भरून ये." मला लहानपणी ही कटकट वाटायची. दातांचं गणित त्यातच आहे. तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल बनवतात आणि ते दातांवरचं कवच झिजवतं. एकदा खाल्लं की लाळ काही वेळात ते आम्ल निवळवते. पण दिवसभर दर अर्ध्या तासाने एक गोळी चघळलीस, तर लाळेला सवडच मिळत नाही. दाताला चिकटणारी कँडी तर त्याहून वाईट. म्हणून मी पिशवी खोलीत ठेवू देत नाही. अभ्यास करता करता हात आत जात राहतो.

२०२४ मध्ये नरकचतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरला आली होती. पहाटे उटणं, अभ्यंगस्नान, फराळ आणि संध्याकाळी तू वाघ बनून दारोदार. कोकणात त्या पहाटे तुळशीपाशी पायाच्या अंगठ्याने कारीट नावाचं छोटं रानफळ फोडतात आणि त्याचा कडू रस जिभेला लावतात, त्यानंतर फराळ. इथे कारीट मिळत नाही, नाहीतर तुला नक्की चाखवलं असतं. गुढीपाडव्यालाही कडुलिंबाचा पाला आधी आणि श्रीखंड मागून. सणाच्या दिवशी जिभेवर कडूही पडतं, हे मला आपल्या रीतींमधलं फार आवडतं.

हॅलोवीन मात्र मला परका वाटत नाही. अनोळखी दारात उभं राहिलं तरी कोणी हसून काहीतरी हातावर ठेवतं, यात आपल्या फराळाच्या ताटांच्या देवघेवीचीच माया आहे. फक्त आपण शेजारून आलेलं ताट रिकामं परत पाठवत नाही.

तर पिशवी आज खाली काढू. रात्रीच्या जेवणानंतर ताटलीत दोन, तुझ्या आवडीची, मग चूळ. चिकट गोळ्या वेगळ्या काढ, त्या नकोतच. शनिवारी चकल्या करणार आहे, सोऱ्या तू फिरव. पहिल्या घाण्यातल्या आठ-दहा डब्यात भरून कोपऱ्यावरच्या घरी देऊन ये, ज्या आजींनी तुला अख्खं मोठं चॉकलेट दिलं त्यांच्याकडे. तिखट चालतं का, तेवढं आधी विचार.

तुझी,
आई