रक्त दिसलं की मूळव्याधच, हे ठरवलं कुणी?

कोलोनोस्कोपी ही नुसती तपासणी ना? उपचारासाठी वेगळं ऑपरेशन लागतं का? (निपाणी)

दरवेळी नाही. कोलोनोस्कोपीत गुदद्वारातून मोठ्या आतड्यात दुर्बीण घालून आतून बघतात. दुर्बीण आत असतानाच पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर उगवलेला कोंब, तारेच्या फासात धरून काढता येतो. रक्त येणारी जागा क्लिप लावून बंद करता येते, अरुंद झालेला भाग फुग्याने रुंद करता येतो. गाठ खोलवर रुजली असेल तर मात्र सर्जनच.

दुखतं का? (वडगाव)

गुंगीचं इंजेक्शन देतात, बहुतेकांना फारसं जाणवत नाही. सोबत कुणीतरी आणा, त्या दिवशी गाडी चालवू नका.

वय ५४. दीड वर्ष शौचातून रक्त जातंय, हिमोग्लोबिन ८. आठवडी बाजारात येणारे एक जण मूळव्याध म्हणून पुड्या देतात. अजून महिनाभर बघू का? (खानापूर)

नका बघू. याच आठवड्यात बेळगावला पोटविकारतज्ज्ञांना दाखवा.

दर महिन्याला हेच पत्र येतं, फक्त गावाचं नाव बदलतं. मूळव्याध घरोघरी असते, म्हणूनच तिच्या आड दुसरे आजार लपतात. मूळव्याध असलेल्या माणसालाही कर्करोग होतो. मोठ्या आतड्याचे बहुतेक कर्करोग पॉलिपमधून सुरू होतात आणि त्याला साधारण दहा वर्षं लागतात. इतकी सवड फार थोडे कर्करोग देतात, आणि ती आपण पुड्यांत घालवतो! हिमोग्लोबिन ८ म्हणजे रक्त बरेच दिवस झिरपतंय. ‘बिनऑपरेशन खात्रीशीर इलाज’ असं पाटीवर लिहिणाऱ्याने तुमच्या गुदद्वाराची बोटाने तपासणी तरी केली का?

कोलोनोस्कोपीआधी आतडं साफ करायला दिलेलं पावडरचं पाणी घशाखाली उतरत नाही. अर्धंच प्यायलं तर? (कडोली)

तर तपासणी वाया. मळाखाली पॉलिप झाकला जातो. गार करून थोडं थोडं प्या, पण सांगितलेलं सगळं संपवा. दोन-तीन दिवस आधीपासून भाकरी, उसळी, पालेभाज्या, पेरू बंद. रक्त पातळ करणाऱ्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना आधी विचारा, आपल्या मनाने बंद करू नका.

‘डिटॉक्स’ पाकिटाने आतडं साफ ठेवलं तर तपासणी टळेल? (गोकाक)

जुलाबाने पॉलिप जात नाही. पैसे घालवू नका.

वडिलांना ४८व्या वर्षी आतड्याचा कर्करोग झाला. मी ३६, तक्रार काही नाही. (चिकोडी)

तक्रारीची वाट पाहू नका. चाळिशी किंवा वडिलांच्या त्या वयाच्या दहा वर्षं आधी, यातलं जे आधी येईल तेव्हा तपासणी करायची, तुमच्यासाठी ३८. घरात आणखी कुणाला झाला असेल तर ती याहूनही लवकर लागू शकते, म्हणून वडिलांचे रिपोर्ट घेऊन आत्ताच तज्ज्ञांना भेटा. भावंडांनाही सोबत न्या.