वेळासची टोपली

तुम्ही विचारलंय, "आई-वडील निवृत्त झालेत, पण देवदर्शन सोडून कुठेही यायला तयार नसतात. त्यांना काहीतरी नवीन दाखवता आलं आणि कायम लक्षात राहिली, अशी तुमची एखादी सहल सांगाल का?"

आमची वेळासची सहल सांगते. माझे वडील, अण्णा, एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या प्रवासाच्या गाड्या दुरुस्त केल्या, स्वतः मात्र जेजुरी, पंढरपूर, तुळजापूर आणि लग्नकार्यं यांपलीकडे कुठे गेले नाहीत. मार्चमध्ये मी म्हटलं, कासवाची पिल्लं बघायला कोकणात जाऊ. ते म्हणाले, "कासव काय बघायचं? प्रत्येक देवळात असतं की गाभाऱ्यासमोर." आईने बॅग भरली म्हणून आले.

वेळास रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात आहे. आम्ही पुण्याहून ताम्हिणी घाटाने उतरलो, हरिहरेश्वराचं दर्शन घेतलं (अण्णांसाठी एवढं करावंच लागतं आणि करावंही) आणि बागमांडल्याला गाडी फेरीबोटीत चढवली. सावित्रीची खाडी ओलांडून वेश्वीला उतरलो. बोटीत गाड्या कशा रचतात, मागे-पुढे वजन कसं सांभाळतात, हे बघण्यात अण्णा इतके रंगले की गाडीत बसायला हाका माराव्या लागल्या. सहल तिथेच सुरू झाली, असं मला वाटतं.

राहायचं गावातल्या घरांमध्येच. शेणाने सारवलेलं अंगण, जेवायला कुळथाची पिठी, सोलकढी आणि सांगून ठेवलं तर उकडीचे मोदक. आईची आणि घरच्या काकूंची पहिल्याच तासात गट्टी जमली.

आता मुख्य गोष्ट. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत साधारण दीड फूट खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटून परत समुद्रात जाते. पुन्हा त्या घरट्याकडे फिरकत नाही. पूर्वी ही अंडी माणसं काढून न्यायची, उरलेली कुत्री-कोल्ही खायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली इथे संवर्धनाचं काम सुरू केलं, ते गावाने उचलून धरलं. आता गावातले कासवमित्र रात्री आणि पहाटे किनारा फिरतात, अंडी अलगद काढतात आणि जाळीच्या कुंपणात तेवढ्याच खोल खड्ड्यात पुरतात. पिल्लं बाहेर यायला ४५ ते ६० दिवस लागतात. पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त. हे ऐकल्यावर अण्णांनी खाली वाकून वाळूला हात लावून पाहिला.

प्रत्येक घरट्यावर एक टोपली पालथी घातलेली असते. सकाळी सातच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास ती उचलून बघतात. पहिल्या संध्याकाळी सगळ्या टोपल्या उचलल्या. खाली नुसती वाळू. माझा जीव खट्टू झाला, कारण एवढ्या लांब मीच ओढून आणलं होतं. अण्णा मात्र टोपल्या उचलणाऱ्या कासवमित्र मुलाला विचारत होते, "खड्डा वरून रुंद की खालून?" खालून रुंद, सुरईसारखा, असं त्याने सांगितलं. रात्री जेवताना अण्णांनी तो खड्डा ताटात भाताने करून आम्हाला दाखवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचलाच ते उठून बसले. सातला तिसरी टोपली उचलली आणि वाळू हलताना दिसली. आधी एक काळपट डोकं, मग वल्ह्यासारखा एक पाय. बघता बघता नऊ पिल्लं वर आली, दोन बोटांत मावतील एवढी. पाठीला ओली वाळू चिकटलेली.

पिल्लं थेट पाण्यात सोडत नाहीत. पाण्यापासून थोडं अलीकडे वाळूवर ठेवतात आणि स्वतः चालू देतात. आपण दोरीच्या मागे बसायचं. हात लावायचा नाही, फ्लॅश मारायचा नाही. ती सरळ चालत नाहीत. चार पावलं टाकून थांबतात, भरकटतात, पुन्हा वळतात. मागे वाळूत बारीक नक्षी उमटते. अण्णा मला हळूच म्हणाले, "टायरच्या नक्षीसारखी आहे बघ." एक पिल्लू अगदी पाण्याशी पोचलं आणि लाटेने त्याला उलटं करून परत मागे आणून टाकलं. ते पाय हलवत राहिलं. दोरीमागचे सगळे गप्प. अण्णांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. पुढच्या लाटेने त्याला सरळ केलं आणि त्याच लाटेबरोबर ते गेलं.

तुम्ही गेलात तर दोन मुक्काम ठेवाच. फेब्रुवारी अखेर ते एप्रिल हा काळ चांगला, पण निघण्याआधी गावात फोन करून विचारा, आणि एवढं करूनही पिल्लं दिसतीलच याची खात्री धरू नका. वडीलधाऱ्यांना ही सहल सोसते. किनाऱ्यापर्यंत थोडं चालावं लागतं, चढ-उतार असा काही नाही.

ओडिशात २०२१ मध्ये टॅग लावलेली एक मादी २०२५ मध्ये आपल्या गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली. ती बातमी अण्णांनी कापून ठेवलीय, आणि कॅलेंडरच्या मागच्या नकाशावर ओडिशापासून श्रीलंकेला वळसा घालून गुहागरपर्यंत पेनाने रेघ ओढलीय. डिसेंबर लागला की वेळासच्या काकूंना त्यांचा फोन जातो, पहिलं घरटं सापडलं का म्हणून.