पहाटे तीनची गाडी

प्रश्न : नमस्कार ताई. वय ६७. मी एस. टी.त वाहतूक नियंत्रक होतो, गणेशपेठच्या स्टँडवर बरीच वर्षं काढली. आता मानेवाड्याला स्वतःच्या घरात आहे, १९९४ साली बांधलेलं. दोन महिने झाले, रोज पहाटे तीनला जाग येते अन् छाती धडधडते. ईसीजी काढला, चांगला निघाला. डॉक्टरांनी झोपेच्या दहा गोळ्या दिल्या. चार घेतल्या, दिवसभर डोकं जड राहिलं, म्हणून सोडल्या. फेब्रुवारीत आमच्या घरच्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून मुलगा म्हणून राहिला, घर विका अन् पुण्याला या, त्या पैशात मोठा फ्लॅट घेऊ. मी बघू म्हणतो. बाकी मले टेन्शन काहीच नाही. रात्री नऊला झोपतो, दुपारी कूलरमध्ये दोन तास होतात. मग तीनलाच काहून जाग येते?
— एक वाचक, मानेवाडा

उत्तर : भाऊ, तुम्ही जन्मभर वेळापत्रक सांभाळलंत, म्हणून आधी वेळेचाच हिशेब करू. नऊ ते तीन, सहा तास. दुपारचे दोन. झाले आठ. म्हणजे तुमची झोप बुडत नाही, पूर्ण होते आहे. गाडी वेळेवर सुटली आणि वेळेवर पोचली. साठीनंतर झोप पातळ होते, गाढ झोपेचा वाटा कमी होतो, आणि शरीराचं घड्याळ पुढे सरकतं. संध्याकाळीच पेंग येते आणि कोंबड्याच्या आधी डोळे टक्क उघडतात. हा आजार नाही.

तेव्हा रात्री साडेदहाच्या आत अंथरुणाला पाठ लावू नका. दुपारचं म्हणाल तर, मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना वाळ्याच्या ताटीसमोर आडवे होऊ नका, असं नागपूरच्या माणसाला सांगणारी मी कोण! पण गजर लावा, अर्ध्या तासाचा, आणि तीनच्या आत उठा. चार वाजताचा चहा शेवटचा. दोन-तीन आठवडे नेटाने करा. पहिल्या चार दिवसांत चिडचिड होईल, घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

पण जाग येणं वेगळं आणि धडधडणं वेगळं.

तुम्ही लिहिलंय, 'बाकी मले टेन्शन काहीच नाही.' आणि हे वाक्य कुठे आहे? घर विकण्याच्या लगेच खाली. मी तीस वर्षं वॉर्डात सिस्टर होते. 'मला काही होत नाही' म्हणणाऱ्या पेशंटची नाडी मी आधी बघायची. पहाटेकडे शरीर उठायच्या तयारीला लागतं, कॉर्टिसोल नावाचा संप्रेरक वाढू लागतो. त्यात अंधार, शेजारचं माणूस झोपलेलं, हाताला काम नाही. दिवसा टाळलेला विषय अशा वेळी उशाशी येऊन बसतो.

तुमचा विषय एका शब्दाचा आहे, 'बघू'. मला सांगा, स्टँडवर कुणी विचारलं, 'साहेब, चंद्रपूर गाडी किती वाजता?' तर तुम्ही 'बघू' म्हणाला असता का? खिडकीवर हाणामारी झाली असती. गाडी रद्द असेल तर रद्द म्हणाला असता, उशीर असेल तर उशीर. प्रवासी चिडला असता, पण बाकावर बसून डबा तरी खाल्ला असता. दोन महिने झाले, तुमचा मुलगा बाकावर बसलाय आणि तुम्हीही.

आणखी एक गोष्ट मला खटकली. गुडघा ज्यांचा, त्यांचं म्हणणं तुमच्या पत्रात कुठेच नाही. मुलगा काय म्हणतो ते आहे, डॉक्टर काय म्हणाले ते आहे. त्यांना पुण्याला जावंसं वाटतं का? की अंगणातली तुळस आणि शेजारच्या बायका सोडून सातव्या मजल्यावर बसायची त्यांनाच धास्ती आहे? कदाचित त्याही तीन वाजता जाग्या असतील आणि तुम्ही उठाल म्हणून डोळे मिटून पडत असतील. असली जोडपी मी पाहिली आहेत. आधी त्यांना विचारा. सकाळी विचारा, चहाबरोबर.

मग एक वही करा. रोज संध्याकाळी पाचला, वीस मिनिटं, खुर्चीवर बसून. जे जे डोक्यात येतं ते लिहायचं. डाव्या बाजूला आपल्या हातातलं, उजव्या बाजूला हातात नसलेलं. 'घर विकलं आणि सुनेशी पटलं नाही तर' हे उजवीकडे. 'दोन महिने घराला कुलूप लावून पुण्याला राहून पाहावं' हे डावीकडे. 'पैसे घातले तर फ्लॅटच्या कागदावर माझंही नाव हवं' हे तर डावीकडे सगळ्यात वर, आणि ते मुलाला सांगताना संकोच नको. वीस मिनिटं झाली की वही बंद. रात्री तोच विषय आला तर त्याला म्हणायचं, उद्या पाचला ये. हसू नका, मानसोपचारात ही रीत खरंच वापरतात. काळजी जात नाही, पण तिला वेळ ठरवून दिला की ती रात्रभर दारात उभी राहत नाही.

तरी तीनला जाग आलीच तर घड्याळ बघू नका. वीसेक मिनिटं गेलीशी वाटली की उठून दुसऱ्या खोलीत खुर्चीवर बसा, मंद दिवा लावून. मोबाइल नाही. आमचे हे गेले तेव्हा मीही वर्षभर तीनला उठत होते. नाइट ड्युटीत सलाइनचे थेंब मोजायची सवय, तेच करायची. डोळे मिटले की तो काचेसारखा चेंबर दिसायचा, थेंब फुगतो, लोंबतो, सुटतो. सेकंदाला एक. चार थेंब श्वास आत, सहा थेंब बाहेर. बाहेर सोडायचा श्वास लांब ठेवला की धडधड बसते. पेंग आली की मगच अंथरुणात परत.

ईसीजी चांगला आहे, बरं झालं. पण डॉक्टरांकडे पुन्हा जा आणि गोळ्यांनी डोकं जड झालं हे त्यांना स्पष्ट सांगा. थायरॉइड, साखर आणि बी-१२ तपासलंय का विचारा. मधुमेहासाठी बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेत असाल तर बी-१२ विशेषकरून. बीपीची गोळी लघवी वाढवणारी असेल तर तेही बघून घ्या. उन्हाळ्यातही म्हाताऱ्या माणसाला तहान कमीच लागते, पाणी कमी पडलं तरी छाती धडधडते. आणि छातीत दुखलं, दम लागला, चक्कर आली, तर वही-बिही राहू द्या, तडक दवाखाना.

दोन आठवड्यांहून जास्त कशातच मन लागलं नाही, जेवण उतरलं, 'आता कशाला जगायचं' असं वाटलं, तर मेडिकलच्या, म्हणजे आपल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या, मानसोपचार ओपीडीत दाखवा. लाज वाटायचं काही कारण नाही. रात्री-बेरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीतून बोलता येतं.

प्रश्न : वय ७०. झोप येत नव्हती म्हणून शेजारच्या वहिनींनी त्यांची अर्धी गोळी दिली. मस्त झोप लागली. रोज घेतली तर चालेल का?
— एक वाचक, महाल

उत्तर : नाही. वहिनींकडून लोणचं घ्या, गोळी घेऊ नका. या वयात असं औषध शरीरात जास्त वेळ रेंगाळतं, तोल जातो, विसरायला होतं, आणि सवय लागते ती वेगळीच. महिनाभर रोज घेत असाल तर एकदम सोडूही नका, डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात. दुसऱ्याची गोळी घेतली हे त्यांना सांगायला लाजू नका, आम्ही रोज ऐकतो.

माझ्या वॉर्डात एक आजी आल्या होत्या, तुमच्याच वयाच्या. अशीच कुणाची तरी गोळी घेऊन झोपलेल्या, रात्री दोनला बाथरूमला उठल्या आणि पायपुसण्यावरून घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. स्ट्रेचरवरून पलंगावर घेतलं तेव्हा त्यांच्या मुठीत बॅटरी होती, अजून जळत असलेली. ती बंद करायला मला त्यांची बोटं एकेक करून सोडवावी लागली.