दुसरी बाटली उघडू नका

प्रश्न : देवगड तालुक्यातून एक वाचक लिहितात. आई 68 वर्षांची, मधुमेह 11 वर्षांचा. फेब्रुवारीत ऑनलाइन साखर तपासायचं मशीन घेतलं, सोबत 25 पट्ट्या आल्या. त्यांवर सकाळची उपाशीपोटी साखर 120 ते 140 येत होती. 20 एप्रिलला तालुक्याच्या मेडिकलमधून त्याच कंपनीच्या 50 पट्ट्यांचं खोकं आणलं आणि आकडे 180 ते 220 झाले. वही पाहून डॉक्टरांनी गोळी वाढवली. 14 मेच्या रात्री आईला दरदरून घाम आला, बोलणं अडखळलं. मशीन 142 दाखवत होतं, म्हणून घरच्यांनी पाऊण तास वाट पाहिली. रुग्णालयात साखर 48 निघाली. पुढे दोन दिवस खाजगीत, बिल 11,400 रुपये. 18 मेला लॅबमध्ये उपाशीपोटी 118 आली, घरच्या मशीनवर त्याच सकाळी 196. ऑनलाइनवाले म्हणतात सात दिवसांची मुदत संपली. मेडिकलवाला म्हणतो उघडलेलं खोकं परत घेत नाही, बिल त्याने दिलंच नव्हतं. दावा कोणावर करू, डॉक्टरांवरही करू का आणि आता कोणतं मशीन घेऊ?

उत्तर : तुमचं पत्र आलं त्या रात्री मी वकिलाच्या सवयीने सोबतचे फोटो मोठे करून पाहिले. एका फोटोत, कोपऱ्यात, खोक्यातली दुसरी बाटली दिसते. 25 पट्ट्यांची, सील न तोडलेली. ती आधी उचला, खोक्यासकट पाकिटात घाला, पाकिटावर तारीख टाकून सही करा आणि घरातल्या कोरड्या कपाटात ठेवा. फ्रिजमध्ये नको, तिथे ओल धरते. आणि काही झालं तरी उघडू नका. तुमची केस आज तरी त्या बाटलीत आहे.

कारण सांगतो. उघडलेल्या पट्ट्यांवर समोरचा वकील उभा राहील तेव्हा त्याला फार कष्ट पडणार नाहीत. तुमच्याच फोटोत त्या पट्ट्या औषधाच्या साध्या प्लास्टिक डबीत आहेत. मूळ बाटलीचं झाकण आईच्या बोटांना उघडत नाही म्हणून तुम्ही त्या डबीत काढल्या. मला ते समजतं, माझ्या आईचीही बोटं वाकडी झाली होती. पण मूळ बाटलीत ओलावा शोषणारं द्रव्य असतं, म्हणूनच ती इतकी घट्ट बसते. पट्टीच्या टोकाला लावलेलं, साखरेशी क्रिया करणारं एन्झाइम हवेतल्या ओलीनं बिघडतं, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये मिठाची बरणी पाझरते, तिथे पट्टीचं काय होत असेल! ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 च्या कलम 87 मध्ये वस्तूचा गैरवापर झाला असेल तर विक्रेत्यावर दायित्व येत नाही, असं म्हटलंय. डबीकडे बोट दाखवून ते हेच कलम वाचतील.

दुसरं त्यांचं हत्यार आंबा. हसू नका. मी स्वतः बारा वर्षं मधुमेही आहे. एका मे महिन्यात दुपारी हापूस कापून बाजूला ठेवला (खाल्ला नव्हता, शपथेवर सांगतो) आणि तसंच बोट टोचलं. मशीनने 243 दाखवले. साबणाने हात धुतले, पुसले, पुन्हा टोचलं, 131. थेंब इतकासा असतो की बोटावरचा रस त्यात मिसळला तरी आकडा उडतो. तुमच्या आई एप्रिलच्या शेवटापासून आंबापोळीच्या कामात होत्या, हे तुम्हीच सहज लिहून गेलात. हात धुवायला सांगितलं की त्या म्हणतात, “हात धुतल्यार काय साखर कमी होतली?” होतली, आई, आकडा तरी होतलो. हे वाक्य शपथपत्रात घालू नका, पण उलटतपासणीत विचारलं तर खोटंही बोलू नका.

तिसरं, लॅबचा आकडा. तुमच्या मते 118 विरुद्ध 196 म्हणजे पुरावा पक्का. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ 15197 ची 2013 ची आवृत्ती सांगते की 100 किंवा त्यावरच्या साखरेला मशीनचे 95 टक्के आकडे लॅबच्या 15 टक्के अलीकडे-पलीकडे हवेत, आणि 100 च्या खाली 15 मिलिग्रॅमच्या आत. म्हणजे 118 ला साधारण 100 ते 136 चालेल, 196 मुळीच नाही. पण बोट टोचलं साडेसहाला, रक्त घेतलं साडेनऊला आणि नमुना मुलाच्या दुचाकीवरून तालुक्याला गेला. नळीत तसंच ठेवलेलं रक्त स्वतःच साखर खातं, तासाला 5 ते 7 टक्के. फ्लोराइडची (रक्तातली साखर टिकवणारी) नळी होती का, नमुना लॅबमध्ये किती वाजता पोचला, हे लॅबकडून लेखी घ्या. एवढा मोठा फरक त्याने भरून निघत नाही, पण हा प्रश्न आपण आधी विचारलेला बरा.

तेव्हा 118-196 पेक्षा मला 14 मेची रात्र जास्त मोलाची वाटते. मशीनच्या मेमरीत 11.20 ला 142, रुग्णालयाच्या केसपेपरवर 12.05 ला 48. तेव्हा लक्षणंही होती. पाऊण तासात आपोआप एवढी घसरण शक्य आहे का, हे आईंच्या नेहमीच्या डॉक्टरांनी शपथपत्रावर सांगायचं, तुम्ही किंवा मी नाही. म्हणून त्या डॉक्टरांना वादात ओढू नका. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच ठरवलं, त्यामुळे त्यांच्यावर तक्रार करता येणार नाही असं नाही. पण समोर ठेवलेल्या वहीवर विश्वास ठेवून गोळी वाढवली, हा निष्काळजीपणा मी तरी म्हणणार नाही. त्यांनी तीन महिन्यांची सरासरी पाहायला हवी होती का, हे त्यांना चहावर विचारा. तुमचा सर्वात चांगला साक्षीदार प्रतिवादी करून घालवू नका.

मशीनच्या मेमरीचे फोटो एकेक आकडा पुढे सरकवत आजच काढा, तारीख-वेळ दिसेल असे. बॅटरी काढू नका, घड्याळ बिघडलं तर 11.20 चं काय करणार?

आता दावा कोणावर? ऑनलाइन विक्रेत्याला मी सध्या बाहेर ठेवीन. सात दिवसांची अट परतीची असते, दोषाची तक्रार दोन वर्षांपर्यंत करता येते, त्यामुळे त्यांचं उत्तर काही अखेरचं नाही. पण तुमची वहीच सांगते की पहिल्या 25 पट्ट्यांवर मशीन नीट चाललं आणि 20 एप्रिलला खोकं बदलल्यावर गाडी घसरली. संशय पट्टीवर जातो.

खोक्यांचे फोटो पुन्हा पाहिले तर मशीनच्या खोक्यावर आयातदाराचं नाव, पत्ता, आयात परवान्याचा क्रमांक आहे. पट्ट्यांच्या खोक्यावर परदेशी कारखान्याचं नाव आहे, बॅच आहे, मुदत आहे, आयातदार मात्र कुठेच नाही. ग्लुकोमीटर आणि त्याच्या पट्ट्या वैद्यकीय उपकरणे नियम, 2017 खाली येतात, आणि बाहेरून आलेल्या मालावर आयातदाराचं नाव-पत्ता व परवाना क्रमांक असणं सक्तीचं आहे. ही चूक छपाईची असेल किंवा माल भलत्याच वाटेने आलेला असेल. म्हणून पहिलं पत्र कोर्टाला नाही, कंपनीला. मशीनच्या खोक्यावरच्या ग्राहक सेवेला ईमेल करा : हा बॅच क्रमांक तुमचा आहे का, भारतात विकायला दिला होता का? दोन ओळी पुरेत. ‘आमचा नाही’ असं उत्तर आलं तर तुमचं निम्मं काम झालं.

कारण मग ग्राहक कायद्याचं कलम 86. विक्रेता एरवी ‘मी फक्त विकलं’ म्हणून सुटू पाहतो. पण उत्पादकाची ओळख पटत नसेल किंवा त्याच्यावर नोटीस बजावता येत नसेल, तर विक्रेत्याला उत्पादकाच्या जागी उभं राहावं लागतं. शिवाय बिल न देणं ही स्वतःच अनुचित व्यापारी प्रथा आहे, कलम 2(47). त्याच कलमात आहे की परतीची मुदत बिलावर लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला हवेत. तुम्ही 17 मेला गेलात, म्हणजे सत्ताविसाव्या दिवशी. बिल नाही म्हणून घाबरू नका, यूपीआयची नोंद आहे, 20 एप्रिल, 1,050 रुपये, दुकानाचं नाव. तो स्क्रीनशॉट आणि बँकेचं स्टेटमेंट दोन्ही जोडा.

मेडिकलवाल्याला आधी स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा, पंधरा दिवस द्या. कायद्याने नोटीस सक्तीची नाही, पण आपल्याकडे तालुक्याच्या गावात सगळे एकमेकांच्या लग्नाला जेवलेले असतात, पुष्कळदा तिथेच मिटतं. मिटलं तर लेखी घ्या. त्याच वेळी अन्न व औषध प्रशासनाच्या औषध निरीक्षकाकडे लेबलची तक्रार द्या, खोक्याचा फोटो जोडून. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, 1940 च्या कलम 26 खाली ग्राहकाला स्वतः फी भरून तपासणी करून घेता येते, तुमचा भाऊ हेच सुचवतो. पण तुमच्याकडे बाटली एकच आहे. ती तिकडे संपवली तर ग्राहक आयोगापुढे काय ठेवणार?

न मिटल्यास ओरोसला, सिंधुदुर्गनगरीत जिल्हा ग्राहक आयोग आहे. तुम्ही राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, कंपनी कुठलीही असो. फीसाठी धरतात ती तुम्ही मालाला दिलेली किंमत, आणि ती 5 लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील लागतोच असं नाही (हे माझ्या पोटावर पाय देऊन सांगतोय). अर्जातच मागणी करा की सीलबंद बाटली आयोगाने ताब्यात घेऊन ग्राहक कायद्याच्या कलम 38 खाली प्रयोगशाळेकडे पाठवावी. अहवालाला 45 दिवस धरलेले आहेत, तपासणीची फी तुम्हाला आधी भरावी लागू शकते. नुकसानभरपाईत 11,400, पट्ट्यांचे 1,050, रिक्षा, बुडालेले दिवस आणि मानसिक त्रास, एवढं मागा. तुम्ही पत्रात लिहिलेले पाच लाख लिहायला कुणी अडवणार नाही, पण आकडा फुगला की बाकीचं खरंही फुगलेलं वाटतं.

अहवाल पट्ट्या ठीक असल्याचा आला तर? मग डबी आणि आंबा उरतात, आणि पट्ट्या सदोष होत्या हा मुद्दा पडतो. तेव्हा कलम 84 मधला एकच धागा राहतो : नीट वापराच्या पुरेशा सूचना दिल्या नाहीत. तुमच्या खोक्यातल्या कागदावर बाटलीतून काढू नका असं बारीक इंग्रजीत छापलेलं आहे. आईला ते वाचता येत नाही, हा युक्तिवाद मी करीन, पण त्यावर पैज लावणार नाही.

नवं मशीन. वकिलाला विचारलंत तर वकिलासारखंच सांगतो : आधी खोकं वाचा, मग किंमत. परवाना क्रमांक, आयातदार किंवा इथला उत्पादक, बॅच, मुदत, आत आयएसओ 15197:2013 चा उल्लेख. मशीन स्वस्तात पडतं, पैसे पट्टीत जातात, तेव्हा पट्टीचा भाव विचारा आणि पावसात, तुमच्या गावचा रस्ता बंद पडतो तेव्हा, ती जवळ मिळेल का तेही. आपल्या हवेला एकेक पट्टी वेगळ्या फॉइलमध्ये येते तो प्रकार बरा, डबीचा प्रश्नच नाही, फक्त आईच्या बोटांना फॉइल फाटते का ते दुकानातच बघा. कंट्रोल सोल्युशन (साखरेचं प्रमाण ठरलेलं द्रावण) मागा, पट्टीवर शंका आली की थेंब टाकून पाहता येतं. बिलावर बॅच क्रमांक लिहून घ्या, दुकानदार कुरकुरला तरी. आणि पहिल्या आठवड्यात एकदा लॅबमध्ये रक्त देताना तिथेच, त्याच मिनिटाला, धुतलेलं बोट टोचा. गोळीचं काय करायचं ते डॉक्टर ठरवतील, जुन्या पट्ट्यांच्या आकड्यावर तर काहीच नको.

शेवटचं, तारखेचं. तक्रारीला कायद्याने दोन वर्षं आहेत, म्हणून तुम्ही पावसाळा जाऊ द्या म्हणाल. पण सीलबंद बाटलीवरची मुदत ऑक्टोबरची आहे. मुदत उलटलेल्या पट्टीचा अहवाल समोरचा वकील एका वाक्यात उडवेल. नोटिशीचे पंधरा दिवस, दाखल करणं, बाटली लॅबला जाणं, सगळं त्याआधी बसवायचंय, आणि चतुर्थीच्या दिवसांत आपल्याकडे नोटीस घ्यायला दुकानात कुणी सापडत नाही. कंपनीचा ईमेल आज पाठवा, नोटीस या आठवड्यात.