वाचकांचे प्रश्न : तळं कधी बुजलं, कुणी सांगावं?

प्रश्न : नववीच्या 48 मुलांना ‘नवी मुंबई कशी घडली’ हा प्रकल्प दिला. जवळजवळ सगळ्यांनी इंटरनेटवरचा एकच मजकूर उतरवून आणला. शाळेत 12 संगणक चालू आहेत. काय बदलावं?
– एक शिक्षिका, घणसोली

उत्तर : बाई, आधी प्रश्न बदला. ज्याचं उत्तर तयार मिळतं, ते मुलं उतरवणारच. त्याऐवजी विचारा : ‘आपल्या गावठाणाजवळचं तळं, खाजण किंवा शेत कधी बुजलं, किती बुजलं आणि आज तिथे काय आहे?’ नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, म्हणजे सिडको, 1970 साली स्थापन झालं आणि 95 गावांच्या जमिनीवर हे शहर आखलं गेलं. त्या प्रत्येक गावात अशी एखादी जागा आहे आणि तिच्यावर कुणी निबंध लिहून ठेवलेला नाही.

एका संगणकावर चार मुलं बसवा. एकाच्या हाती माउस, दुसरा तारीख वाचेल, तिसरा वहीत टिपेल, चौथा कागदी नकाशावर खूण करेल. दर तासाला कामं बदला, नाहीतर माउसवाला एकटाच शिकतो. गूगल अर्थ प्रो मोफत आहे. त्यात घड्याळाच्या चिन्हावर टिचकी मारली की त्या जागेची जुनी उपग्रहचित्रं दिसतात. मोजपट्टीने तळ्याच्या कडेकडेने बहुभुज काढला की क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये मिळतं. तीन मुलांनी वेगवेगळं मोजायचं. तिघांच्या आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक पडला तर कड नीट दिसत नाही असं समजा आणि वहीत तसंच लिहू द्या.

इथे तीन चुका हमखास होतात. पहिली, चित्रावर जे कॉपीराइटचं साल दिसतं तेच मुलं चित्राचं साल समजतात. चित्र कधी टिपलं ती तारीख वेगळी लिहिलेली असते, तीच घ्यायची. दुसरी, एक चित्र पावसाळ्यानंतरचं आणि दुसरं मे महिन्यातलं घेतलं तर नुसतं आटलेलं तळंही बुजलेलं वाटतं. खाडीकाठी तर भरती-ओहोटीनेच चित्र बदलतं. म्हणून शक्यतो एकाच महिन्याची चित्रं ताडून पाहा. तिसरी चूक टाइमलॅप्सची, म्हणजे गूगल अर्थमधल्या वर्षावर्षाची चित्रं जोडून केलेल्या चलचित्राची. तो 1984 पासूनचा असल्यामुळे मोह होतो, पण त्यामागच्या लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांच्या चित्रांत एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा 30 मीटर बाय 30 मीटरचा तुकडा. साठ मीटर रुंदीचं गावतळं त्यात जेमतेम दोन ठिपक्यांएवढं. वाशी-नेरूळची वाढ त्यात छान दिसते, तळं दिसणार नाही.

आणि उपग्रह फक्त ‘काय’ झालं ते दाखवतो. भराव कुणी टाकला, का टाकला, तेव्हा गावात काय बोलणं झालं, हे माणसांनाच विचारावं लागतं. ते केल्याशिवाय प्रकल्प पुरा धरू नका. समाजशास्त्र खरं तिथेच सुरू होतं.

प्रश्न : चेंदणी कोळीवाड्यातल्या आजी-आजोबांच्या मुलाखती मुलांनी फोनवर घेतल्या. निम्म्या ऐकूच येत नाहीत. शिवाय सालं कुणालाच आठवत नाहीत.
– एक शिक्षक, ठाणे

उत्तर : फोन हातात धरला की बोटांची खरखर येते. टेबलावर घडी घातलेला रुमाल, त्यावर फोन, बोलणाऱ्यापासून वीत-दीड वीत अंतरावर. पंखा बंद, फोन फ्लाइट मोडवर. आधी अर्धा मिनिट रेकॉर्ड करून ऐकायचं, मगच मुलाखत सुरू. सुरुवातीलाच तारीख, आजींचं नाव आणि ‘हे वर्गात ऐकवलं तर चालेल ना, आजी?’ याचं उत्तर आवाजात हवं. नाही म्हणाल्या तर रेकॉर्डिंग वर्गात ऐकवायचं नाही, यात तडजोड नको.

वीस मिनिटं पुरेत. ती शब्दशः उतरवायला नवख्या मुलाला दोन तास सहज लागतात, म्हणून सगळं उतरवू नका. मिनिटवार सूची करा : ‘4.10 – जाळी’, ‘9.30 – खाडीचं पाणी’. हवा तेवढाच भाग उतरवायचा. बोलून टाइप करण्याची सोय प्रमाण मराठीला बरी आहे, पण कोळी बोलीतले शब्द ती परस्पर बदलते. ‘निवटी’ या खाडीतल्या माशाचं ‘निवडी’ होऊ शकतं. असे शब्द मुलांनी कानाने ऐकून आजींनी उच्चारले तसेच लिहावेत. आजींचा शब्द ‘सुधारला’ की मुलाखतीतली सगळ्यात मोलाची गोष्टच हातची जाते.

साल विचारूच नका. ‘बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर?’, ‘तुमचं लग्न झालं होतं का तेव्हा?’, ‘वाशीला लोकल सुरू झाली होती का?’ असं विचारा. वाशीची लोकल 1992 ची. अशा दोन खुणांमध्ये घटना बसवली की पाच-दहा वर्षांचा अंदाज येतो. तो अंदाज म्हणूनच लिहायचा. शेजारच्या घरातून दुसरी साक्ष मिळाली की तो पक्का होत जातो.

प्रश्न : 1882 च्या गॅझेटिअरमधली (इंग्रजांच्या काळातला जिल्ह्याचा सरकारी माहितीग्रंथ) आणि 2011 च्या जनगणनेतली ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या मुलांनी एका आलेखात मांडली. बरोबर आहे का?
– एक पालक, कोपरी

उत्तर : नाही. नाव एक, जिल्हा वेगळा. त्या गॅझेटिअरमधल्या ठाणे जिल्ह्यात साष्टी, म्हणजे आजची मुंबईची उपनगरं, आणि पनवेलही होतं. 2011 च्या 1,10,60,148 या आकड्यात पालघर धरलेलं आहे. तो जिल्हा वेगळा झाला 1 ऑगस्ट 2014 रोजी. आधी मुलांकडून दोन्ही काळच्या हद्दी एका नकाशावर दोन रंगांत काढून घ्या, मग जे तालुके दोन्हीकडे येतात तेवढ्यांचीच तुलना करा. आकडे गॅझेटिअरच्या टाइप केलेल्या मजकुरातून न घेता मूळ पानाच्या छायाचित्रावरून घ्या. यंत्राने वाचलेल्या मजकुरात 3 चा 8 होतो आणि आलेखात एकदम उंच खांब उभा राहतो.