अकरावीत आहे, कॉलेज सोडून पाओलिनीसारखं पूर्ण वेळ फँटसी लिहावं का?

तू लिहिलंयस की वेंगुर्ल्यात अकरावीत आहेस, ड्रॅगनवरची कादंबरी निम्मी झालीय, आणि अमेरिकन लेखक ख्रिस्तोफर पाओलिनीने पंधराव्या वर्षी ‘एरागॉन’ ही ड्रॅगनचीच कादंबरी लिहायला घेतली तसं कॉलेज सोडून लिहायला बसावं असं वाटतंय. बाबा म्हणतात, आधी डिग्री.

मी कुडाळजवळच्या एका शाळेत मराठी शिकवते. लिहिणारं पोर दिसलं की मला राहवत नाही, म्हणून सविस्तर सांगते. कॉलेज सोडू नकोस. आणि कादंबरी तर मुळीच सोडू नकोस.

पाओलिनीचं सगळे वयच सांगतात. मला त्यात त्याचं घर जास्त दिसतं. जन्म १९८३ चा, अमेरिकेतल्या मॉन्टाना राज्यात डोंगरांच्या मधल्या पॅरडाइज व्हॅलीत वाढला, आईवडिलांनी घरीच शिकवलं. कादंबरी सुरू केली तेव्हा त्याचं हायस्कूल पुरं झालं होतं, काही अर्धवट टाकलं नव्हतं. पहिला खर्डा व्हायला वर्षभर गेलं आणि तो त्याचा त्यालाच पसंत पडेना. दुसरं वर्ष पुन्हा लिहिण्यात गेलं. मग आईवडील संपादनाला बसले आणि घरच्याच छोट्या प्रकाशनातून पुस्तक निघालं. मुखपृष्ठावरचा ड्रॅगनचा डोळा आणि आतले नकाशे त्याने स्वतः काढले.

त्यानंतर २००२ पासून शाळा, वाचनालयं, पुस्तकांची दुकानं असे १३५ हून जास्त कार्यक्रम त्याने केले, तेही जुन्या काळातला वेश चढवून. प्रती खपल्या तरच घर चालणार अशी वेळ होती. आपल्याकडे दशावतारी मंडळी पेटारे घेऊन या जत्रेतून त्या जत्रेत जातात आणि स्वतःचा रंग स्वतः लावून रात्रभर उभी राहतात, तसलेच हे कष्ट. अशी हिंडून विकलेली एक प्रत लेखक कार्ल हायसन यांच्या सावत्र मुलाच्या हाती लागली, त्याला ती आवडली, हायसननी आपल्या प्रकाशकाला सांगितलं, आणि २००३ मध्ये नॉफ या प्रकाशनसंस्थेने ती नव्याने काढली. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. नशीब होतंच. पण ती प्रत दुकानात पोचवली होती या घराने.

पुढे तीन भागांची मालिका चार भागांची झाली, चौथा भाग २०११ मध्ये आला. २०२० मध्ये त्याने विज्ञानकादंबरी लिहिली आणि २०२३ मध्ये तो पुन्हा त्याच ड्रॅगनांच्या जगात परतला.

त्याच्यावर एक टीका कायम झाली, की आधीच्या गाजलेल्या कथांची छाप फार दिसते. ती तू मनावर घे. तुझ्या तालुक्यात आरवलीचा वेतोबा आहे. तो रात्री गावाची राखण करत फिरतो, चालून चालून वहाणा झिजतात, म्हणून लोक त्याला चामड्याच्या भल्यामोठ्या नव्या वहाणा वाहतात. एकदा जवळ जाऊन बघ त्या, माणसाच्या पायाला येणाऱ्या नव्हेत. जत्रेतल्या दशावतारी नाटकात वेद पळवणारा संकासुर तू लहानपणापासून बघितला असशील. मालवण तालुक्यात कुडोपीच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, कातळशिल्पं आहेत, ती कोणी आणि कशासाठी कोरली हे आजही कुणी छातीठोक सांगू शकत नाही. इतकं हाताशी असताना तुझा ड्रॅगन बर्फाळ डोंगरात का राहावा? तो सड्यावर येऊ दे.

पैशाचं म्हणशील तर बाबांचं बरोबर आहे. मराठीत एक आवृत्ती साधारण हजार प्रतींची, पुष्कळदा त्याहूनही कमी. त्यावर घर चालत नाही.

तेव्हा बारावीपर्यंत रोज थोडं लिही आणि खर्डा शेवटापर्यंत ने, मधेच मागे जाऊन दुरुस्त्या करत बसू नकोस. टाइप करशील ते युनिकोडमध्येच कर, पुढे ई-बुकला त्रास होत नाही. झालं की पहिलं प्रकरण बाबांना मोठ्याने वाचून दाखव आणि कुठे कंटाळा आला तेवढंच विचार.

शेवटापर्यंत पोचलीस की इथेच कळव. मला वाचायचंय.